जू, जुआ आणि पोटातल्या चिठ्ठ्या

मी एक जुने जू आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्या गोंदियाकडे निम्मे लोक हिंदी बोलतात आणि हिंदीत 'जूं' म्हणजे डोक्यातली ऊ, हे मलाही ठाऊक आहे. मी ती नव्हे. दोन बैलांच्या मानेवर जे लाकूड आडवे टाकतात, ज्याला छकडी बांधतात, ते मी. मला आणखी एक नाव आहे. बाजारात, रस्त्यावर, पटाच्या मैदानात लोक मला 'जुआ' म्हणतात. आता पंचाईत अशी, की पैसे लावून खेळतात त्या जुगारालाही ते 'जुआ'च म्हणतात. एका नावाची दोन माणसे एका गावात असली की एकाचे वॉरंट दुसऱ्याच्या दारात येते. माझे तसेच झाले. त्याचा राग अजून माझ्या लाकडातून गेलेला नाही, म्हणून तर हे सांगायला बसलो आहे.

माझा जन्म नवेगाव बांधच्या ईश्वरदास सुताराच्या अंगणात झाला. शिवणीचे हलके, पण चिवट लाकूड त्याने निवडले, कारण मला नांगर ओढायचा नव्हता, शंकरपटात धावायचे होते. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शेजारीशेजारी दोन लांब पट्ट्या आखतात, त्यांना आमच्याकडे दान म्हणतात. एका दानीवर एक जोडी, दुसरीवर दुसरी. झेंडी पडली की सुटायचे, जी जोडी आधी पोचली ती जिंकली, आणि जिने आपली दान सोडली ती बाद. ईश्वरदासने मला तीन दिवस तासले. दर थोड्या वेळाने तो मला एका बोटावर आडवे धरून पाहायचा. मी जरा इकडे कललो की पुन्हा रंधा.

"जू दोहीकडं सारखं नसन, तं एक बैल मरते अन् दुसरा बदमाश होते," तो म्हणायचा.

मधोमध त्याने खिळीसाठी भोक पाडायला घेतले होते. बोटभर खोल झाले, तेवढ्यात मला न्यायला आलेले जियालाल म्हणाले, "राहू दे गा, आमी दोरीनंच बांधतो." भोक तसेच अर्धवट राहिले. ते भोक तेवढे लक्षात ठेवा.

जियालाल रहांगडाले माझे मालक. धानाची शेती, चार माणसांत मान, बोलणे कमी. त्यांच्या बैलांच्या मानेवर मी तेरा पट धावलो आणि नऊ जिंकलो. लोक मला हात लावून पाहायचे. शांतीबाई, म्हणजे त्यांची बायको, घरची माय, पटावरून आल्यावर बैलांना ओवाळायच्या आणि उरलेले कुंकू माझ्या पाठीवर लावायच्या. त्या कुंकवाचा डाग अजून आहे. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडायचे.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो, कारण पुढे सगळे त्याच गोष्टीवर अडले. एकदा कोणीतरी जियालालना म्हणाले, "भाऊ, तुमचा हा बैल दहातून आठ खेपा सरळ धावते, तो बी आठ खेपा धावते. मंग जोडी दहातून आठ खेपा पक्की ना?"

जियालालांनी मान हलवली. "नाही गा. हा आठ खेपा सरळ धावन, पण त्याच आठात त्यानं बी सरळ धावाले पाह्यजे. दोघाईचा मेळ बसाले पाह्यजे. सहा खेपा म्हण, फार तं साडेसहा. जुआत एक बैल वाढला का भरोसा घटते, वाढत नाही."

तेव्हा त्यांचा मुलगा संजू छकडीवर पाय हलवत बसला होता. सात-आठ वर्षांचा असेल. त्याने ते ऐकले. बोटांवर मोजलेही. म्हणजे संजूला हे गणित माहीत नव्हते असे मी कधीच मानणार नाही.

मग काही वर्षे पटांवर बंदी आली. मला गोठ्याच्या कोपऱ्यात टेकवून ठेवले. कोंबड्या माझ्यावर बसल्या, माझ्यावरच त्यांनी बाकीचे सगळेही केले. कोळ्यांनी जाळी विणली, एका टोकाला वाळवीने तोंड लावून पाहिले. मित्रांनो, ज्याचे कौतुक झालेले असते त्याला अडगळ फार टोचते. मी रोज दाराकडे पाहायचो. बंदी उठल्याचे कळले तेव्हा मला बाहेर काढले ते संजूनेच. आता तो चांगला सव्वीस वर्षांचा गडी झाला होता, तिरोड्याला कामाला जायचा आणि सुटीच्या दिवशी बैल शिकवायचा. त्याने मला घासले, जवसाचे तेल पाजले, मानेचे पट्टे नवे लावले. नवी जोडी होती, लाखन आणि पाखऱ्या. लाखन पांढरा, भोळा, सांगाल तितके धावणारा. पाखऱ्या करडा आणि जरा हुशार. जियालाल आता थकले होते, म्हणून कासरा संजूच्या हाती आला. तो धुरकरी झाला आणि चांगला झाला. त्याचा हात हलका होता. पहिल्याच वर्षी आम्ही दोन पट मारले. मला वाटले, आपले दिवस परत आले.

दिवस आले, पण त्यांच्यासोबत मुन्नाही आला.

मुन्ना पटाच्या मैदानात उसाच्या रसाच्या गाडीमागे खुर्ची टाकून बसायचा. मोबाइलवर क्रिकेटच्या सामन्यांवर जो खेळ चालतो तोच त्याने कागदाच्या चिठ्ठीवर आणला होता. त्याला तो 'साखळी' म्हणायचा. एका शर्यतीवर पैसे लावायचे नाहीत, दिवसभरातल्या सहा शर्यती निवडायच्या आणि सहाही शर्यतींत कोणती जोडी जिंकणार ते लिहायचे. सहाच्या सहा बरोबर आले तर एकाचे चौतीस. एक जरी हुकली तर चिठ्ठीचा कागद तेवढा आपला.

"संजूभाऊ, एक-एक दौड़ में क्या रखा है? एक रुपये का एक रुपया अस्सी पैसा मिलेगा, चाय-पानी में गया," मुन्ना म्हणायचा. "साखळी लगाओ. तुम तो बैल पहचानते हो. तुम्हारा तो अभ्यास है."

'अभ्यास' या शब्दाने संजूचा घात केला. शाळेत त्याला कोणी अभ्यासू म्हटले नव्हते. आता तो दर पटाला सकाळी मैदानात फिरायचा, बैलांचे खूर पाहायचा, धुरकऱ्यांशी बोलायचा आणि मगच चिठ्ठी भरायचा. प्रत्येक शर्यत त्याने स्वतः निवडलेली असे, म्हणून प्रत्येक त्याला पक्की वाटे. पाच लिहून झाल्या की तो म्हणायचा, "ही सहावी तं एकदमच पक्की आहे, हिचं काय भेव?" अरे, पण सहावी जोडलीस म्हणजे सहावा बैल जुंपलास ना! तुझ्या बापाने दोन बैलांनाच भरोसा घटतो म्हणून सांगितले होते, आणि तू एका जुवाला सहा बांधून निघालास! मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मला दोन टोके आहेत, तोंड एकही नाही.

हे सगळे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. तर संजू त्या चिठ्ठ्या माझ्या पोटात लपवायचा. ईश्वरदासने अर्धवट सोडलेल्या त्या भोकात. गुंडाळी करून बोटाने आत सारायची, वर चिखलाचा बोळा. कोणाला संशय येणार? आणि त्यातही एक गंमत होती. सगळ्या चिठ्ठ्या तो ठेवत नसे. ज्यात दोन लागल्या, तीन लागल्या, त्या फाडून गव्हाणीत टाकायचा आणि विसरून जायचा. ज्यात पाच लागल्या, निदान चार तरी, त्याच माझ्या पोटात यायच्या. मधूनच तो त्या काढून बघायचा आणि पुटपुटायचा, "पाच लागले होते. एकानं गेला." असे अकरा कागद जमले. त्याच्या मते ती त्याची कमाई होती. माझ्या मते ते अकरा पराभव होते, पण मला कोण विचारतो?

याच सुमारास ती 'जुआ सोड'ची गोष्ट घडली. संध्याकाळी आम्ही सराव करून आलो. संजू बैलांना तसेच जुंपलेले ठेवून मोबाइल पाहत ओट्यावर बसला. आतून जियालालांचा आवाज आला, "संजू, पयले जुआ सोड, मंग जेव."

संजूच्या तोंडचे पाणी पळाले. उभा राहिला, ओठ हलले. "बाबा, मी... थोडासाच... ते मुन्ना म्हणे..."

"मुन्नाचं काय? बैलाईच्या माना अवघडल्या असतीन. सोड जुआ."

तेव्हा कुठे त्याला कळले की बाबा माझ्याबद्दल बोलताहेत. तो हसला. धावत आला आणि माझे पट्टे सोडू लागला.  मित्रांनो, त्या क्षणी त्याने ते वाक्य पुरे केले असते तर पुढचे काही झाले नसते. वाक्य तोंडापर्यंत आले होते. माझ्या नावाने घोटाळा केला आणि माझ्याच नावाने त्याला सुटका मिळाली. मला माझ्या नावाचा इतका संताप कधी आला नव्हता.

आता त्या पटाबद्दल सांगतो. तिरोड्याच्या वाटेवरच्या एका गावात तो भरला होता. आदल्या दिवशी कोणाची गाठ कोणाशी ते ठरले. आमची गाठ गुड्डू टेंभरेच्या जोडीशी पडली. गुड्डूचे बैल जबर होते, पण आमचेही काही कमी नव्हते. संजू चिठ्ठी भरायला बसला. पाच शर्यती लिहिल्या. सहावी, दिवसातली शेवटची, मुन्नाने आमचीच सुचवली.

"अपनी जोड़ी पे मत लगाओ, भाऊ. नज़र लगती है," मुन्ना म्हणाला.

हे आमच्याकडे सगळेच मानतात. आपल्या बैलावर आपणच पैसा लावायचा नाही, बैलाला दृष्ट लागते. संजूने जरा विचार केला आणि गुड्डूचे नाव लिहिले. घरी येताना तो स्वतःशीच बोलत होता. "जितलो तं इज्जत, हरलो तं पैसा. दोही हातात लाडू."

मला त्याचा हिशेब चुकल्याचे लगेच कळले. पहिल्या पाचांपैकी एकही हुकली असती तर सहाव्याला काही अर्थच उरणार नव्हता, दुसऱ्या हातात लाडू नव्हताच. आणि पाचही लागल्या असत्या तर? तर ते दोन लाडू एकमेकांच्या जिवावर उठणार होते. शेवटच्या शर्यतीत, कासरा हातात असताना.

आणि त्या दिवशी, माझे दैव बघा, पाचही लागल्या.

पहिली लागली तेव्हा संजू नुसता हसला. तिसरी लागल्यावर त्याने जेवण टाळले. पाचवी लागली तेव्हा तो छकडीला टेकून चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलगडत होता. मुन्ना लांबून पाच बोटे वर करून त्याला खुणावत होता. एवढ्यात जियालाल आले. त्यांनी लाखनच्या मानेवरून हात फिरवला, मग पाखऱ्याच्या आणि मग माझ्या पाठीवरून, त्या कुंकवाच्या डागावरून.

"आजची दौड माह्यासाठी मार," ते संजूला म्हणाले. "पुढच्या साली मी येतो का नाही, कोणाले ठाऊक."

संजूने मान खाली घातली. "हो, बाबा."

झेंडी पडली. आम्ही सुटलो.

मित्रांनो, कासरे माझ्यावरून जातात. धुरकऱ्याच्या मनात काय आहे ते बैलांच्या आधी मला कळते. पहिली निम्मी दान संजूचा हात नेहमीसारखा हलका होता. लाखन तर वाऱ्यासारखा निघाला होता. गुड्डूची जोडी एक हात मागे पडली. मग दीड हात. लोक ओरडत होते, जियालालांच्या पागोट्याचा शेव मला दिसला, आम्ही जिंकत होतो. तेवढ्यात पाखऱ्याचा कासरा ताठ झाला. थोडासाच. कोणाला दिसला नसेल. संजूने तो ओढून धरला होता.

पाखऱ्या हुशार, त्याने पाऊल आखडले. लाखन भोळा, त्याला काय ठाऊक? तो तसाच ताकदीने पुढे गेला. मी एका बाजूला तिरपा झालो आणि सगळा भार लाखनच्या एका खांद्यावर गेला. ईश्वरदासने तीन दिवस तासून माझ्यात जो समतोल आणला होता तो संजूने एका ओढीत मोडला. लाखनचा पुढचा पाय दुमडला. तो पडला. माझ्या मधोमध कडकन आवाज झाला. धुळीत मी, लाखन आणि छकडी सगळे एकावर एक कोसळलो. ते पाहून गुड्डूचे बैल बुजले, आडवे पळाले आणि आपली दान सोडून आमच्या दानीत आले.

दोन्ही जोड्या बाद. सहावी शर्यत कोणीच जिंकली नाही.

लोक धावले. ढोरांचा डॉक्टर आला, त्याने लाखनचा खांदा चाचपला आणि मान हलवली. बैल जगेल, पण धावणार नाही, औतालाही चालणार नाही. जियालाल लाखनचे डोके मांडीवर घेऊन धुळीत बसले होते. आणि जो तो संजूच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "तुह्यी काय चूक गा, बैल ठेसला." संजू मान हलवत होता!  मी दुभंगून पडलो होतो, पण माझ्या फटीतून आवाज निघेना. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत वाईट घटका.

पण त्याहूनही वाईट पुढे होती. लाखनला गाडीत चढवायला माणसे गोळा झाली तेव्हा संजू मुन्नाजवळ गेला. मला गाडीच्या चाकाशी टाकले होते, म्हणून ऐकू आले.

"बाद झाली तं काय होते?"

"बाद मतलब गई, भाऊ. नियम है."

"पण पाच तं लागले होते ना!"

लाखन तिकडे कण्हत होता आणि हा पाच मोजत होता. रात्री घरी आल्यावर त्याने ती चिठ्ठी गुंडाळली आणि माझ्या फुटक्या पोटात सारली. बारावी.

आठ दिवसांनी जियालालांनी मला अंगणात आणले. फट बुजवून पट्टी ठोकता येते का ते पाहायचे होते. त्यांनी मला उलटे करून आपटले तेव्हा चिखलाचा बोळा पडला आणि मागोमाग बारा गुंडाळ्या. एक-एक उलगडून त्यांनी वाचली. बाराव्या चिठ्ठीवर ते थांबले. सहाव्या ओळीत गुड्डूचे नाव होते. त्यांनी चिठ्ठी जमिनीवर ठेवली, तिच्यावर हातोडी ठेवली आणि उठून लाखनजवळ गेले.

संजू कामावरून आला तेव्हा ते ओट्यावर बसलेले होते. चिठ्ठ्या समोर होत्या. शांतीबाई सुपात बियाण्याचा धान निवडत होत्या. त्यांनीच विचारले, "हे काय होय, संजू?"

संजूने खोटे बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढे मी त्याच्या बाजूने सांगतो. साखळी म्हणजे काय ते सांगितले. पण सांगताना आवाज चढत गेला. "एकाचे चौतीस भेटते, माय! अन् मी फुकट नाही लावत, अभ्यास करून लावतो. पाहा ना, बाराच्या बारा चिठ्ठ्या पाहा. दर खेपी जवळ येऊन राहिलो. कधी चार, कधी पाच. एक दिवस लागनच!"

"आन् ज्याच्यात दोनच लागले, त्या चिठ्ठ्या कोठी आहेत?"

संजूची नजर गोठ्याकडे गेली. त्या गव्हाणीत गेल्या होत्या, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आले असावे.

शांतीबाई शाळेत गेल्या नाहीत. पण बियाणे राखणारी बाई एकेक दाणा ओळखते. त्यांनी सुपातून एक दाणा उचलला आणि जमिनीवर ठेवला. "हा जितलेला. सहाच्या सहा. याच्या संग सहाव्या दौडीत किती हुकले?"

"दोन जोड्या धावतेत. अर्धे जिततेत, अर्धे हुकतेत. म्हणजे एक."

त्यांनी त्या दाण्याशेजारी एक ठेवला. "हे दोघं पाचवी दौड पार करून आले. पाचवीत किती हुकले असतीन?"

"दोन."

"चवथीत?"

"चार."

"तिसरीत?"

"आठ," संजू म्हणाला.  मग सोळा. मग बत्तीस. शांतीबाई दाणे मांडत गेल्या. अंगणात सहा ढीग झाले आणि एक एकटा दाणा.

"मोज," त्या म्हणाल्या.

चौसष्ट झाले.

"म्हणजे चौसष्ट जणाईनं मुन्नाले एकेक देल्ला. अन् जितला त्याले मुन्ना किती देते? चौतीस ना?" त्यांनी बोटाने चौतीस दाणे मोजून त्या एकट्या दाण्याच्या नावावर धरले. "हे तीस उरले. हे कोणाचे होत?"

"मुन्नाचे," संजू म्हणाला.

"अन् एकाच दौडीवर लावलं असतं तं?"

"एकाचे एक अस्सी." त्याने बोटांवर केले. "दहा जणाईनं लावलं तं पाच जितते, पाचाईले नऊ भेटते. मुन्नाले एक."

"दहात एक तिथं, अन् इथं चौसष्टात तीस. म्हणून तो तुले साखळीच लावाले सांगे."

"पण माय, मी डोळे मिटून नाही लावत. मी अभ्यास करतो..."

"मुन्ना बी करते. जो बैल चांगला, त्याचा भाव तो पयलेच कमी करते." मग त्यांनी त्या सहाव्या दौडीत हुकलेल्या एका दाण्यावर बोट ठेवले. "हा कोण?"

"मी."

"पाच लागलेला?"

"हो."

त्यांनी तो दाणा उचलला आणि पहिल्याच दौडीत हुकलेल्या बत्तिसांच्या ढिगात टाकला. हाताने ढीग विस्कटला. "आता काढून दाखव कोणता तुहा होय ते. याले बी तेवढंच भेटलं, जेवढं पयल्या दौडीत पडला त्याले. तू जवळ नव्हता रे, बापा. तू याच्यातच होता."

संजूने ढिगात बोट घातले, पण दाणा ओळखू येईना. मला त्याची दया आली असे म्हणू का? नाही म्हणत. मला वाटले, हे चौसष्ट दाणे तुझ्या बापाच्या अंगणात जन्मभर पडलेले होते, आणि ते दिसायला लाखनचा खांदा मोडावा लागला!

 आता जियालाल उठले. मी अंगणात पडलो होतो, एका टोकाला लाखनचा पट्टा अजून अडकलेला होता. मुलाकडे न पाहता ते म्हणाले, "संजू, जुआ सोड."

संजू लगेच खाली वाकला. त्याच्या हाताला सवयच होती. तो माझा पट्टा सोडू लागला.

"तो नाही," जियालाल म्हणाले.

संजूचा हात तिथेच थांबला. मग तो माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि रडला. लहान असताना छकडीवरून पडला होता तेव्हा रडला होता, त्यानंतर मी आताच पाहिले.

आता मी गोठ्याच्या दारावर आडवा ठोकलेला आहे. जरा खाली ठोकले आहे मला, जियालालांनी मुद्दामच. आत जाणाऱ्याला वाकावे लागते, विसरला तर कपाळाला लागतो. संजूला बरेचदा लागतो. माझ्या पोटातल्या भोकात जियालालांनी एक खुंटी ठोकून बसवली. संजू रोज सकाळी लाखनला चारा घालतो, खांदा शेकतो. आणि सांगायला जड जाते, पण कधीकधी येता-जाता त्याचे बोट त्या भोकाकडे जाते. खुंटीवर टेकते. थोडा वेळ तिथेच राहते. खिशात मोबाइल वाजतो, कोणाचा ते मला कळत नाही. मग लाखन हंबरतो आणि संजू बादली उचलून आत वाकतो. संजूने सोडले की नाही, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. रोज सोडावे लागते, एवढे मला दिसते.

मित्रांनो, मला सोन्याने मढवू नका, मला ओवाळू नका. जुन्या लाकडाला वाळवी लागू दिली नाही तरी पुष्कळ झाले. पण एवढे ऐका. उद्या तुम्हाला कोणी सहा पक्क्या गोष्टी एका जुवाला बांधून दाखवील आणि खाली मोठा आकडा लिहील, तुमच्या हुशारीचे कौतुकही करील. तेव्हा आकडा वाचू नका. एवढेच विचारा, की यातला एक बैल वाटेत बसला तर काय? तो उत्तर देणार नाही. उत्तर आमच्या गोठ्यात आहे. लाखन तीन पायांवर उभा असतो, चौथा नुसता टेकवतो.